पदवी हाती आली, पुढे काय? : ठाणे-कल्याणच्या तीन पिढ्यांची वाटचाल



दरवर्षी निकाल लागले की वर्षावासातल्या एखाद्या रविवारी आपल्या विहारात विद्यार्थ्यांचा गुणगौरव होतो. दहावी, बारावी आणि पदवी उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींना पुष्प, एक पुस्तक आणि पेन देऊन आपण त्यांचे कौतुक करतो. मागे एकदा असाच कार्यक्रम आटोपल्यावर वस्तीतल्या एक आजी पुढे आल्या आणि म्हणाल्या, "नातवाला तुमच्याकडून तिसऱ्यांदा पेन मिळालं बघा. दहावीचं, बारावीचं, आता बी.कॉम.चं. तिन्ही पेनं कपाटात ठेवलीत सांभाळून. पण आता अर्ज कुठं करायचा, काय लिहायचं, ते त्याला कोण सांगणार?"

सगळे हसले. आजी मात्र हसल्या नाहीत. नातू पदवीधर होऊन वर्ष झाले होते आणि तो घरीच होता.

या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असे मंडळाने सांगितले तेव्हा आम्हांला आजींचा तो प्रश्न आठवला. आम्ही ठरवले की, पदवी आणि नोकरी यांच्यामधल्या अंतराचाच इतिहास लिहावा. कारण हे अंतर आजचे नाही. आपल्या समाजातल्या प्रत्येक पिढीला ते ओलांडावे लागले आहे आणि प्रत्येक वेळी कोणीतरी मधे पूल घातला म्हणूनच ते ओलांडता आले.

या इतिहासाची सुरुवात खुद्द परमपूज्य बाबासाहेबांपासून होते. बाबासाहेब १९१२ साली मुंबई विद्यापीठाचे बी.ए. झाले. सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली ते अमेरिकेला गेले. कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. मिळवून पुढे लंडनला शिकले आणि १९१७ साली परत आले. शिष्यवृत्तीच्या करारामुळे ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. पुढे काय झाले ते आपल्या घरातल्या लहान पोरांनाही ठाऊक आहे. कचेरीत शिपाई लांबून फायली टाकत. राहायला जागा मिळेना. पारशी खाणावळीतून बाहेर काढले गेले. शेवटी ते मुंबईला परतले.

त्यानंतरचे वर्ष मात्र आपण फारसे सांगत नाही. एवढ्या शिकलेल्या माणसाने मुंबईत शिकवण्या घेतल्या. शेअर-व्यापाराबाबत सल्ला देणारी कचेरी काढली. सल्ला देणारा कोण आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक येईनासे झाले आणि ती कचेरी बंद पडली. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची जागा मिळाली तेव्हा कुठे घर स्थिरावले. परदेशातली पदवी हाती असूनही वर्षभर कामाच्या शोधात फिरावे लागले, हा अनुभव बाबासाहेबांनी स्वतः घेतला होता. पदवीने दार आपोआप उघडत नाही, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

आता आपल्या भागाकडे येऊ. ठाणे आणि कल्याण ही रेल्वेने घडवलेली गावे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली आणि पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोचली. आपल्या कितीतरी घरांतले आजे-पणजे जी.आय.पी. रेल्वेत गँगमन म्हणून, खलाशी म्हणून लागले आणि इथले झाले. पण लागले ते कोणत्या कामाला, हे पाहिले पाहिजे.

१२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्ष बाबासाहेब होते. त्यांनी रेल्वेतली परिस्थिती उघड करून मांडली. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो. त्याला स्टेशनवर पोर्टर करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचे काम सांगायचे असते आणि तिथे शिवाशीव आड येते. कारखान्यात तो मिस्त्री होत नाही, हमालच राहतो. सगळ्यांत झोंबणारी गोष्ट कारकुनीची होती. इतर समाजांतले मॅट्रिक न झालेले लोक कारकून म्हणून घेतले जात होते आणि आपले मॅट्रिक झालेले तरुण बाहेर उभे होते.

म्हणजे आपल्या पहिल्या शिकलेल्या पिढीपुढचा प्रश्न पात्रतेचा नव्हता. पात्रता होती, पण तिची दखल घेणारी यंत्रणा नव्हती.

ती यंत्रणा उभी करण्याची संधी बाबासाहेबांना १९४२ साली मिळाली. त्या वर्षी ते व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. १९४३ साली केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश निघाला. १९४४ पासून मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी भारत सरकारची शिष्यवृत्ती सुरू झाली. तिलाच आपण 'स्कॉलरशिप' म्हणत आलो आणि तिच्या फॉर्मसाठी कॉलेजच्या खिडकीवर रांगा लावल्या. १९४५ साली मजूर खात्याखाली एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजची यंत्रणा उभी राहिली. ती मुळात महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांसाठी होती. १९४८ साली सर्वांसाठी खुली झाली.

आणि मग आले सिद्धार्थ कॉलेज. ८ जुलै १९४५ रोजी बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. पहिले प्राचार्य होते अश्वत्थामाचार्य गजेंद्रगडकर. या कॉलेजचे वैशिष्ट्य म्हणजे सकाळचे वर्ग. दिवसा नोकरी करणाऱ्याला शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी भरत. आपल्या भागातले जुने विद्यार्थी सांगत की, पहाटेच्या अंधारात कल्याणची लोकल पकडायची, फोर्टात कॉलेज करायचे, तिथून तडक हपिसात जायचे आणि रात्री घरी येऊन कंदिलाच्या उजेडात वही उघडायची. डबा एकच, सकाळी बांधलेला.

कॉलेजात बाबासाहेबांनी विद्यार्थ्यांची पार्लमेंटही भरवली. पोरांनी उभे राहावे, मुद्दा मांडावा, समोरच्याचे ऐकून उत्तर द्यावे. आज ज्याला 'पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट' म्हणून हजारो रुपये फी घेतात, ते आपल्या समाजाला त्या काळी असे मिळाले होते. शिक्षण, नोकरी आणि चारचौघांत बोलण्याची तयारी या तिन्ही गोष्टी एका छताखाली होत्या. हे आपण विसरू नये.

यानंतरचा काळ आपल्या घराघरांतला आहे आणि तो सांगताना थोडा जीव जड होतो.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपण बौद्ध झालो. पण १९५० चा अनुसूचित जातींचा आदेश असा होता की, हिंदू असलेल्यालाच अनुसूचित जातीचा माणूस म्हणून सवलत मिळे. १९५६ साली त्यात शीख धर्मीयांचा समावेश झाला. बौद्धांचा झाला नाही. महाराष्ट्र सरकारने १९६० साली नवबौद्धांना राज्याच्या सवलती दिल्या. केंद्राच्या नोकऱ्यांत मात्र दार बंदच राहिले.

हा फटका आपल्या भागाला किती बसला असेल, याचा विचार करा. आपल्याकडच्या कायम नोकऱ्या कोणत्या? रेल्वे, पोस्ट, टेलिफोन, अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी, पुढे राष्ट्रीयीकृत बँका. सगळ्या केंद्राच्या. तेव्हा मुलगा पदवीधर झाला की घरात पहिली चर्चा व्हायची ती दाखल्याची. दाखल्यावर काय लिहायचे? 'बौद्ध' लिहिले तर केंद्राची जागा जाते. 'हिंदू महार' लिहिले तर नोकरी मिळते, पण ज्या दिवशी बाबासाहेबांच्या मागे उभे राहून बावीस प्रतिज्ञा घेतल्या, तो दिवस डोळ्यांपुढे येतो.

आमच्यापैकी एकाच्या घरात दोन भावांचे दोन दाखले होते. थोरल्याने जुन्या नावाचा दाखला काढला आणि रेल्वेत लागला. धाकटा म्हणाला, "मी बौद्धच लिहिणार, मग काय व्हायचं ते होऊ दे." तो बरीच वर्षे खाजगीत राबला. घरभाडे थोरल्याच्या पगारातून गेले आणि विहाराच्या वर्गणीची पावती धाकट्याच्या नावाने फाटली. दोघांनी एकमेकांना कधी दोष दिला नाही. आज आम्हीही कोणाला देत नाही. चौतीस वर्षे हा पेच समाजाच्या गळ्यात होता. १९९० साली, विश्वनाथ प्रताप सिंह यांचे सरकार असताना संसदेने कायदा दुरुस्त केला आणि बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळाल्या. त्याच वर्षी बाबासाहेबांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले. वस्तीत पेढे वाटले गेले ते दोन्हींसाठी.

ज्यांची उमेदीची वर्षे या चौतीस वर्षांत गेली, त्यांचे वय १९९० नंतर परत आले नाही. आजच्या मुलांनी हे लक्षात ठेवावे. हातातला दाखला साधा कागद समजू नये.

या काळात बाहेर मात्र पुष्कळ बदल होत होते. १९६२ साली एम.आय.डी.सी. स्थापन झाली आणि ठाण्यात वागळे इस्टेट उभी राहिली. डोंबिवलीत एम.आय.डी.सी. आली. मोहन्याला एन.आर.सी., शहाडला सेंच्युरी रेयॉन, डोंबिवलीजवळ प्रीमियरचा मोटारींचा कारखाना. कॉलेजेही जवळ आली. उल्हासनगरात चांदीबाई कॉलेज १९६५ साली, ठाण्यात विद्या प्रसारक मंडळाची कॉलेजे १९६९ साली, कल्याणात बिर्ला कॉलेज १९७२ साली. पदवीसाठी व्ही.टी. गाठायची गरज उरली नाही.

त्या वेळी पदवीधर मुलाची तयारी म्हणजे काय, हे सर्वांना पाठ होते. एक्स्चेंजमध्ये नाव नोंदवायचे, कार्ड वेळेवर रिन्यू करायचे आणि कॉलची वाट पाहायची. टायपिंगच्या क्लासला जाऊन तीसचा, चाळीसचा स्पीड काढायचा. स्टेशनच्या स्टॉलवर 'एम्प्लॉयमेंट न्यूज' घ्यायचा. १९७६ पासून निघणारे ते साप्ताहिक आम्ही चार-चार जण मिळून घेत असू. जाहिरातीला ज्याचा त्याचा रंग ठरलेला. बँकेवाला लाल पेन्सिलने खूण करी, रेल्वेवाला निळ्या.

त्यात विहाराचा वाटा मोठा होता. रविवारी वंदना झाली की मंत्रालयात, पोस्टात, बँकेत लागलेली आपली माणसे तिथेच सतरंजीवर बसत आणि पोरांचे फॉर्म भरून देत. "अरे, इथं जन्मतारीख अक्षरात लिही." "फोटोवर सही अर्धी आली पाहिजे." "पोस्टल ऑर्डर कुणाच्या नावानं काढायची ते नीट वाच." इतक्या बारीक गोष्टी! पण अशाच एखाद्या चुकीने फॉर्म बाद होत असे आणि एक वर्ष वाया जात असे. ज्याच्या घरात कोणी कधी नोकरीचा अर्जच केला नाही, त्याला हे कोण सांगणार? सतरंजीवर बसलेल्या त्या माणसांनी सांगितले. आमच्यातले कितीतरी जण त्या सतरंजीवरून नोकरीला लागले.

मग हा पूल मोडला कधी?

तो एका दिवसात मोडला नाही. कारखाने एकेक करून बंद पडले. प्रीमियर गेली. एन.आर.सी. २००९ साली बंद झाली आणि मोहन्याच्या घरांतली चूल हलली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जागा फक्त एक्स्चेंजमार्फत भरू नयेत, वर्तमानपत्रात जाहिरातही द्यावी. निकाल न्यायाचाच होता, पण घरी बसून कॉलची वाट पाहण्याचे दिवस संपले. टाईपरायटर गेला, संगणक आला. २०११ पासून आय.बी.पी.एस.ने बँकांची सामाईक परीक्षा सुरू केली. कायम जागांच्या ठिकाणी कंत्राटी जागा वाढल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने नऊ खाजगी संस्थांमार्फत कंत्राटी मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला आणि तरुणांचा रोष पाहून ऑक्टोबरमध्ये तो मागे घेतला. आणि वागळे इस्टेटमध्ये, ऐरोलीला, जिथे पूर्वी भोंगे वाजत, तिथे काचेच्या इमारती आल्या. तिथे आरक्षण नाही, ओळखीचे कोणी नाही आणि मुलाखत इंग्रजीत.

दार बदलले, पण आम्ही मुलांना जुन्याच दाराचा पत्ता सांगत राहिलो. ही आमची चूक आम्ही इथे कबूल करतो. नोकरीला लागलेली आपली बरीच माणसे ठाण्याला, डोंबिवलीला फ्लॅट घेऊन राहायला गेली. रविवारी सतरंजी अंथरली जाते, पण फॉर्म भरून देणारे तिथे बसत नाहीत. आजींचा प्रश्न इथून निघाला आहे.

सोयी नाहीत असे म्हणता येणार नाही. ठाणे महापालिकेची चिंतामणराव देशमुख प्रशासकीय प्रशिक्षण संस्था १९८७ सालापासून स्पर्धा परीक्षांची तयारी करून घेते. पुण्याची बार्टी ही संस्था १९७८ सालची. ती आपल्या समाजातील मुलांसाठी बँक, रेल्वे आणि लोकसेवा परीक्षांचे वर्ग चालवत आली आहे. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली आणि साध्या बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. झालेल्यांनाही विद्यावेतन घेऊन कंपनीत वा बँकेत शिकाऊ म्हणून राहता येऊ लागले. मध्य रेल्वे परळ, माटुंग्याच्या कारखान्यांत आणि कल्याणच्या शेडमध्ये आय.टी.आय. झालेल्यांना अप्रेंटिस म्हणून घेत आली आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर कॉलेजच्या अभ्यासक्रमातच प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण आले आहे. हे सगळे आहे. पण आपल्या गल्लीत त्याची माहिती किती जणांना आहे?

म्हणून अनुभवातून काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट, तयारी पदवीच्या पहिल्या वर्षापासून करावी, निकालानंतर नव्हे. मुलाने किंवा मुलीने तीन वर्षांत एकदा तरी कुठे प्रत्यक्ष काम केलेले असावे, मग ते सी.ए.च्या ऑफिसात असो, प्रयोगशाळेत असो की दुकानाचा हिशोब असो. मुलाखतीत 'काय येतं?' असे विचारल्यावर सांगायला काहीतरी लागते.

दुसरी गोष्ट, कागद. जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी यांना २००० सालच्या कायद्यामुळे फार महत्त्व आले आहे. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. आपण कोकणातून, देशावरून, मराठवाड्यातून, विदर्भातून इथे आलेलो. आजोबांच्या शाळेचा दाखला गावच्या शाळेत पडून आहे. नोकरीचा कॉल आल्यावर धावपळ करण्यापेक्षा या दिवाळीच्या सुट्टीत गावाला जाल तेव्हाच तो उतरवून आणा.

तिसरी गोष्ट, बोलणे. आपली मुले हुशार आहेत, पण मुलाखतीत मान खाली घालतात. सिद्धार्थ कॉलेजच्या पार्लमेंटची आठवण ठेवून महिन्यातून एक रविवार वंदनेनंतर मुलांना अर्धा तास उभे राहून बोलू द्यावे. मराठीत बोलावे, इंग्रजीत बोलावे, चुकत बोलावे. हसणाऱ्याला बाहेर काढावे.

चौथी गोष्ट मुलींची. पदवी झाली की मुलाला 'नोकरी बघ' आणि मुलीला 'स्थळ बघतो', असे ज्या घरात म्हटले जाते, त्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे ना, हे एकदा वर बघून खात्री करावी. आपल्या वस्तीतल्या नर्स, शिक्षिका आणि बँकेतल्या ताईंनी आपापली घरे कशी वर काढली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

आणि पाचवी गोष्ट आमच्यासाठी, म्हणजे जे लागले, स्थिरावले, फ्लॅटमध्ये गेले त्यांच्यासाठी. विहाराला तुमची वर्गणी मिळते, त्याबद्दल आभार. आता महिन्यातला एक रविवारही द्या. तुम्ही ज्या कंपनीत, ज्या खात्यात आहात, तिथे भरती कशी होते, कोणती परीक्षा असते, साहेब काय विचारतात, हे आपल्या मुलांना तुमच्याशिवाय दुसरे कोणी सांगणार नाही. आम्हांला सांगणारे भेटले म्हणून आम्ही लागलो. त्यांची परतफेड त्यांना करता येत नाही, ती पुढच्याला करायची असते.

विहाराच्या या वर्धापनदिनापासून मंडळाने एवढे करावे, अशी आमची विनंती आहे. मागच्या खोलीत एक टेबल, एक संगणक, भरतीच्या जाहिराती लावायला एक फलक आणि एक वही असावी. वहीत वस्तीतल्या प्रत्येक पदवीधर मुलामुलीचे नाव लिहावे आणि समोर एक रकाना रिकामा ठेवावा. तो रकाना भरला की पुढच्या गुणगौरवात त्याचाही सत्कार करावा. आणि ज्यांचा भरला नाही, त्यांच्या घरी मंडळातल्या कोणीतरी स्वतः जाऊन चहा प्यावा आणि विचारावे, "दादा, कुठं अडलंय?" "ताई, कुठं अडलंय?"

आजींच्या नातवाचे नाव त्या वहीत पहिले लिहू. आजींच्या कपाटातली तीन पेने अजून कोरी आहेत. त्यातल्या एकाने त्याचा अर्ज लिहायला आम्ही बसणार आहोत.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम! नमो बुद्धाय!